दोन शेपटं: ए-९ ऑटोबानवरच्या एका निरोपाचं प्रकरण

पावसाळ्यात बोरघाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही, तिचे पिवळे दिवे तेवढे उघडमीट करताना दिसतात. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला असतो. रांगेतल्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर चारही इंडिकेटर एकदम लावतो, मागून येणारा ते पाहून वेग कमी करतो आणि आपलेही लावतो. असा निरोप गाडीगणिक मागे सरकत जातो. या साखळीने मला एकदा वाचवलं आहे. जुलैतल्या एका सकाळी खंडाळ्याच्या उतारावर माझ्या पुढच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळवा दोन-तीनदा खाली दाबल्यासारखा हलवला. मी ब्रेकवर पाय ठेवला. वळण घेतलं तर खरोखरच रांग उभी होती.

ही साखळी नजरेच्या टप्प्यापुरतीच चालते. मध्ये वळण आलं किंवा दोन गाड्यांत अर्ध्या किलोमीटरचं अंतर पडलं की निरोप तुटतो. आणि कोंडीचं शेपूट एका जागी राहत नाही. पुढून गाड्या सुटत नाहीत, मागून येत राहतात, त्यामुळे ते सतत मागे सरकतं. दहा मिनिटांपूर्वी जिथे धोका नव्हता तिथे आता उभा ट्रेलर असतो. रस्त्याकडेची पाटी याला पुरी पडत नाही.

जर्मनीतल्या बर्लिन-म्युनिक ए-९ ऑटोबानने याची फार मोठी किंमत दिली आहे. बव्हेरियातल्या म्युंशबर्गजवळच्या सखल भागात १९ ऑक्टोबर १९९० रोजी दाट धुक्यात शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या, १० माणसं गेली. पुढे तिथे पूल बांधून रस्ता उंचावरून नेला गेला. त्याच म्युंशबर्गजवळ ३ जुलै २०१७ रोजी सॅक्सनीतून निघालेली ज्येष्ठ प्रवाशांची बस कोंडीच्या शेपटाशी असलेल्या ट्रेलरवर मागून आदळली आणि पेटली. १८ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी धुकं नव्हतं. कोंडी होती आणि तिचं शेपूट होतं.

ज्या प्रयोगाबद्दल लिहितोय तो याच ए-९ वर झाला, पण बराच दक्षिणेला आणि बसच्या अपघाताच्या दीड वर्षाहून थोडं अधिक आधी. दोन्हींचा थेट संबंध जोडणं बरोबर होणार नाही. प्रश्न मात्र तोच होता: पुढच्या गाडीला कळलेली गोष्ट मागच्या गाडीला, मधलं काहीही दिसत नसताना, वेळेत कशी कळवायची?

प्रयोग

२०१५ साली जर्मनीचे तेव्हाचे वाहतूकमंत्री आलेक्झांडर डोब्रिंट यांनी म्युनिक आणि न्यूर्नबर्गच्या दरम्यानचा ए-९ हा 'डिजिटल चाचणी महामार्ग' म्हणून पुढे आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार संस्थांनी मिळून इथे एक प्रात्यक्षिक केलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कॉन्टिनेन्टल, मोबाइल सेवा देणारी डॉइचे टेलिकॉम, नेटवर्कची यंत्रं बनवणारी नोकिया आणि म्युनिकची संशोधन संस्था फ्राउनहोफर ईएसके.

प्रात्यक्षिकात दाखवलेल्या गोष्टी साध्या होत्या. पुढच्या गाडीने जोरात ब्रेक दाबला की मागच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इशारा उमटावा. तसंच लेन बदलू पाहणाऱ्याला मागून भरधाव येणाऱ्या गाडीची आगाऊ खबर मिळावी. रस्त्याकडेला नवे खांब नाहीत, गाडीत खास रेडिओही नाही. वापरायचं ते महामार्गालगत आधीच उभं असलेलं टेलिकॉमचं एलटीई नेटवर्क, म्हणजे आपण ज्याला ४जी म्हणतो तेच.

नेहमीच्या मार्गाने असा निरोप एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पोहोचायला शंभर मिलिसेकंदांपासून (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) काही सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागू शकत होता. या प्रयोगात तो २० मिलिसेकंदांच्या खाली आला. बातम्यांत गाजला तो हाच आकडा. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीच्या वाक्यात आहे: 'काही सेकंदांपर्यंत'.

ऑटोबानवर शिफारस केलेला वेग ताशी १३० किलोमीटर आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. २० मिलिसेकंदांत ती पाऊण मीटरही सरकत नाही, शंभर मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या थोडी पुढे जाते. माणसाला धोका पाहून पाय ब्रेकवर न्यायला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे तेवढ्यात ३६ मीटर जातातच. एक किलोमीटरवरच्या कोंडीची खबर शंभर मिलिसेकंदांत आली काय आणि वीसमध्ये आली काय, फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोन सेकंद लागले तर, कारण तेव्हा ७२ मीटर हातचे गेलेले असतात. विलंबाच्या आकड्यांनाही शेपूट असतं. शंभरातले नव्वद निरोप झटकन जातात, उरलेले रेंगाळतात, आणि अपघात होतो तो रेंगाळलेल्याच निरोपामुळे. म्हणून या प्रयोगाकडे सरासरी खाली आणण्याचा प्रयत्न म्हणून पाहिलं तर अर्धाच अर्थ हाती लागतो. त्यांनी खरं तर हे शेपूट कापायला घेतलं होतं.

पाकीट मुख्यालयात कशाला जातं?

दोन गाड्या एकाच टॉवरखाली, तीनशे मीटर अंतरावर. दोघींत सिम आहे. तरी पहिलीचा निरोप दुसरीपर्यंत जाताना शेकडो किलोमीटर फिरून का यावा?

वाड्यातल्या वाड्यात चिठ्ठी द्यायची आणि ती आधी जीपीओत जाऊन, शिक्का मारून, पोस्टमनच्या हातून परत त्याच वाड्यात यायची, तसं हे आहे. मोबाइल नेटवर्कची रचनाच तशी आहे. टॉवरवरचं बेस स्टेशन गाडीकडून आलेला डेटा उघडून पाहत नाही. तो एका सीलबंद पाकिटात घालून कंपनीच्या मुख्य यंत्रणेकडे, कोअर नेटवर्ककडे, रवाना करतं. सील तिथे फुटतं. ग्राहक कोण, त्याचा प्लॅन कोणता, बिल किती, कायद्याने मागितली तर नोंद कुठे, हे सगळं तिथे पाहिलं जातं. मग पॅकेट इंटरनेटवर जातं, कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला मिळतं. तो ठरवतो की हे अमुक गाडीला द्यायचं. मग तीच वाट उलटी.

यात दोषी अंतर आहे असं वाटतं, पण अंतर हा त्यातला लहान भाग. प्रकाश काचेच्या तारेतून एका मिलिसेकंदात जवळपास २०० किलोमीटर जातो. म्हणजे म्युनिकहून बर्लिनला जाऊन यायला पाच-सहा मिलिसेकंद. वेळ खातात ते मधले थांबे. प्रत्येक राउटरवर रांग असते, आणि त्या रांगेत आपल्या निरोपाच्या पुढे कुणाचा तरी व्हिडिओ उभा असतो. थांबा जितका लांबचा, तितके त्यात अनोळखी लोक जास्त. रांग कधी छोटी, कधी लांब. विलंबाचं शेपूट इथे वाढतं.

दुसरा वेळखाऊ टप्पा हवेतला. एलटीईमध्ये टॉवरला गाडीकडे बोलायला परवानगी लागत नाही, पण गाडीला टॉवरकडे बोलायचं तर आधी हात वर करावा लागतो. मॉडेम विनंती पाठवतो, बेस स्टेशन त्याला वेळ नेमून देतं, मग तो बोलतो. यात काही मिलिसेकंद जातात. मॉडेम झोपलेला असेल तर आणखीच. बॅटरी वाचवण्यासाठी काही सेकंद काही बोलणं झालं नाही की नेटवर्क त्याला निजवतं, आणि जागं व्हायचं तर पुन्हा ओळखपाळख. एलटीई आखताना ठरलेलं उद्दिष्टच मुळी शंभर मिलिसेकंदांच्या आत जागं होण्याचं होतं. वीस मिलिसेकंदांच्या हिशोबात हे बसणारच नाही. मॉडेम जागाच ठेवावा लागतो. सुदैवाने गाडीच्या मॉडेमला मोबाइलसारखी बॅटरीची चिंता नसते, आणि गाडी सतत आपली जागा-वेग कळवत राहिली तर त्याला झोप लागतच नाही.

टॉवरच्या पायथ्याशी

ए-९ वर केलेला बदल एका वाक्यात सांगता येतो: पाकीट मुख्यालयात जाण्याआधी टॉवरपाशीच फोडलं.

नोकियाने महामार्गालगतच्या बेस स्टेशनांना छोटे सर्व्हर जोडले. या पद्धतीला मोबाइल एज कम्प्युटिंग म्हणतात, आणि त्या छोट्या सर्व्हरना प्रयोगातली मंडळी क्लाउडलेट म्हणत होती. क्लाउडचं पिल्लू. गाडीतून निघालेला साधा डेटा, म्हणजे गाणी, नकाशे, फोन, नेहमीच्या वाटेने जात राहिला. फक्त ठरावीक पत्त्यावर निघालेली पाकिटं तिथेच बाजूला काढून पिल्लाकडे वळवली गेली. पिल्लू पाहतं: ब्रेक कुठे दाबला, कोणत्या दिशेने जाणारी गाडी, मागे कोण कोण आहे. आणि तिथूनच परत खाली पाठवतं.

मधले थांबे गेले, त्याबरोबर त्यांच्या रांगाही गेल्या. विलंब कमी तर झालाच, पण तो ठरावीक झाला. सुरक्षिततेच्या कामात मला दुसरी गोष्ट पहिलीहून मोलाची वाटते. गाडीच्या संगणकाला निरोप कधी येईल याचा भरवसा असेल तर तो त्यावर काही बेतू शकतो. कधी वीस तर कधी दोन हजार अशी परिस्थिती असेल तर तो निरोप नुसता दिवा लावायच्या कामाचा.

फ्राउनहोफरच्या वाट्याला आलेलं काम मला सर्वांत अवघड वाटतं: निरोप कोणाला द्यायचा हे ठरवणं. मोबाइल नेटवर्कला पत्ता कळतो तो सिमचा. गाडीला मात्र सिमशी घेणंदेणं नसतं. तिला म्हणायचं असतं, 'माझ्या मागे, याच दिशेच्या रस्त्यावर, एक किलोमीटरच्या आत जो कोणी असेल त्याला सांगा.' त्या क्षणी तिथे कोण आहे हे तिला माहीत नसतं. म्हणजे कोणाला तरी सतत प्रत्येक गाडीची जागा सांभाळून ठेवावी लागते आणि जागेवरून सिम शोधून काढावं लागतं. ही भौगोलिक सेवाही त्या पिल्लांवर वाटून ठेवली होती. प्रत्येकाने आपल्या टॉवरपुरती हजेरी ठेवायची.

सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचं म्हटलं तर

इथे थोडा हिशोब मांडतो, कारण मोबाइल नेटवर्कची मर्यादा यातच आहे आणि उत्साहाच्या भरात ती नेहमी सुटते.

युरोपातल्या एट्सी या मानक संस्थेने गाड्यांच्या निरोपांचे दोन प्रकार ठरवले आहेत. एक हजेरीचा: मी इथे आहे, इतक्या वेगाने, या दिशेला. गाडी आधीच्या निरोपापासून चार मीटर सरकली, वेग सेकंदाला अर्धा मीटरने बदलला किंवा दिशा चार अंशांनी फिरली की नवा निरोप, पण सेकंदाला दहापेक्षा जास्त नाही आणि एकापेक्षा कमी नाही. दुसरा प्रकार प्रसंगाचा: ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, पुढे कोंडी आहे. हा काही घडलं तरच निघतो.

समजा एका टॉवरखाली १०० गाड्या आहेत, प्रत्येकीचा हजेरीचा निरोप ३०० बाइटचा आणि सेकंदाला दहा. गाड्यांकडून टॉवरकडे जाणारा डेटा होतो सेकंदाला २.४ मेगाबिट. किरकोळ आहे. आता टॉवरने प्रत्येक निरोप उरलेल्या ९९ गाड्यांना एकेक करून द्यायचा म्हटला तर तोच डेटा ९९ पट होतो: सुमारे २३८ मेगाबिट. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई टॉवरची, दोन अँटेनांच्या नेहमीच्या मांडणीत, कागदावरची कमाल क्षमताच १५० मेगाबिट आहे. म्हणजे शंभर गाड्यांतच तो बसला.

आणि कोंडीत शंभर गाड्या म्हणजे काहीच नाही. उभ्या गाडीला मधल्या फटीसकट साडेसात मीटर धरले तर तीन लेनच्या रस्त्यावर, एकाच दिशेला, एका किलोमीटरमध्ये ४०० गाड्या होतात. गाड्या चौपट झाल्या की प्रत्येकाने प्रत्येकाला सांगण्याचा बोजा सोळापट होतो. थांबलेली गाडी सेकंदाला एकच हजेरी देते हे खरं, तरीही हिशोब ३८० मेगाबिटच्या वर जातो. ज्या क्षणी निरोपाची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी टॉवर सर्वांत जास्त तुंबलेला. शिवाय त्या चारशे गाड्यांतले लोक कंटाळून मोबाइल काढतात, ते वेगळंच.

म्हणून हजेरीचे निरोप खाली सगळ्यांना वाटायचेच नाहीत. ते टॉवरपाशी येऊन थांबावेत, पिल्लाने आपलं चित्र त्यावरून ताजं ठेवावं, आणि गाड्यांना फक्त प्रसंगाचा निरोप, तोही ज्याच्या कामाचा त्यालाच जावा. कोंडीच्या शेपटाकडे येणाऱ्या तीस गाड्यांना एक निरोप दिला तर टॉवरला त्याचा पत्ताही लागत नाही. एकदाच बोलून टॉवरखालच्या सर्वांना ऐकवायची प्रसारणाची सोयही एलटीईत आहे, पण त्यात बेताल गावभर दवंडी पिटल्यासारखं होतं. उलट दिशेने घरी निघालेल्यालाही कोंडीची खबर. मला चाळून देण्याची वाट जास्त शहाणपणाची वाटते.

तुंबलेल्या टॉवरचा दुसरा उपाय अग्रक्रमाचा. २०१७ मध्ये थ्रीजीपीपी या जागतिक मानक संघटनेने आपल्या चौदाव्या आवृत्तीत गाड्यांच्या निरोपांसाठी वेगळा दर्जा ठरवला. त्या दर्जाच्या पॅकेटला नेटवर्कमधून जायला ५० मिलिसेकंदांची मुदत. रुग्णवाहिकेला वाट द्यावी तसं. पण वाट द्यायची म्हणजे बाकीच्यांना थांबवायचं, आणि त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न मानकात येत नाही.

टॉवर बदलताना

टॉवरची हद्द दोन किलोमीटरची धरली तर १३० च्या वेगाने गाडी ती ५५ सेकंदांत ओलांडते. दर मिनिटाला एक टॉवर बदल. एलटीईत हा बदल जुना हात सोडून नवा धरण्याचा आहे, मध्ये एक छोटी फट पडते. त्या फटीत आलेला निरोप जुन्या टॉवरने नव्याकडे ढकलायचा असतो. फोनवर बोलताना आपल्याला हे जाणवतही नाही. इथे मात्र फटीबरोबर हजेरीपटही हलवावा लागतो: ही गाडी आता माझी नाही, तुझी.

कोंडीचं शेपूट दोन टॉवरच्या सीमेवर आलं तर काय? ब्रेक दाबणारी गाडी पुढच्या टॉवरखाली, धोक्यात असलेली मागच्या. म्हणजे पिल्लांना आपापसात बोलता यायला हवं आणि तेही मुख्यालयाला मध्ये न घेता. यासाठी शेजारच्या टॉवरमधल्या तारेचा दर्जा नीट लागतो. पाठ्यपुस्तकात मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनं छापलेली असतात, पण रस्त्यावर हद्दी तशा कधीच नसतात. टेकडी, पूल, झाडी यांनी त्या वेड्यावाकड्या होतात. आपल्या घाटात एका वळणावर तीन टॉवर दिसतात आणि पुढच्या वळणावर एकही नाही.

मग थेट का बोलू नये?

हा आक्षेप वाजवी आहे. गाड्या एकमेकींशी सरळ बोलू शकतात. त्यासाठी वायफायच्या घराण्यातलं ८०२.११पी हे मानक २०१० पासून आहे. अमेरिकेत १९९९ सालीच ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ७५ मेगाहर्ट्झ यासाठी राखून ठेवले होते. थेट रेडिओला टॉवर लागत नाही, बिल लागत नाही, आणि तो काही मिलिसेकंदांत पोहोचतो. शिवाय कोण कुठे आहे हे कोणत्याही कंपनीला कळत नाही. टॉवरच्या वाटेने गेलं की तुमची प्रत्येक हालचाल सिमशी जोडली जाते, आणि ही चिंता खरी आहे. निरोपावरचं नाव बदलत राहिलं तरी सिम तेच असतं.

तरीही कोंडीच्या शेपटासाठी मी मोबाइल नेटवर्कच्या बाजूने आहे. कारण वेगाचं नाही, आठवणीचं आहे. थेट रेडिओची हाक काहीशे मीटर जाते आणि मध्ये मोठा ट्रक किंवा डोंगराची सोंड आली की विरते. हाक मारली तेव्हा ऐकायला कोणी नसेल तर ती वाया गेली. निर्मनुष्य रस्त्यावर रात्री तीन वाजता बंद पडलेला ट्रक कोणाला सांगणार? टॉवरपाशी मात्र निरोप राहतो. चार मिनिटांनी जो येईल त्याला तो हद्दीत शिरताच मिळतो. हे काम फक्त ज्याला स्मरण आहे अशी यंत्रणाच करू शकते.

दुसरं कारण व्यवहाराचं. दहातल्या एका गाडीतच यंत्र असेल तर कोणत्याही दोन गाड्या थेट बोलू शकण्याची शक्यता शंभरात एक. सुरुवातीची वर्षं अशीच सुनी जातात. सिम मात्र गाड्यांत दुसऱ्याच कारणाने येऊन बसलं. ३१ मार्च २०१८ पासून युरोपात नव्याने मान्यता घेणाऱ्या कारच्या मॉडेलांना ई-कॉल सक्तीचा झाला. अपघात झाला की गाडी आपोआप ११२ ला फोन लावते. सिम, अँटेना, जागा सांगणारं यंत्र सगळं आत आलंच.

शेवटच्या अर्ध्या सेकंदाचं काम मात्र थेट रेडिओचंच. पुढची गाडी पंधरा मीटरवर असताना तिने ब्रेक दाबला तर टॉवरची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि टॉवर नसेल तिथे तर नाहीच नाही. थ्रीजीपीपीनेही हे ओळखलं. त्याच चौदाव्या आवृत्तीत गाडी-गाडी थेट दुवा आला, दोन तऱ्हांचा. एकात कोणी कधी बोलायचं हे टॉवर ठरवून देतो, बोलतात मात्र गाड्या आपसात. दुसऱ्यात टॉवरची रेंज नसली तरी गाड्या आधी कानोसा घेऊन मोकळी वेळ स्वतः निवडतात. २०१७ च्या जानेवारीत ऑडी, एरिक्सन, क्वालकॉम, स्वार्को आणि कायझर्सलाउटर्न विद्यापीठ यांनी याच तंत्राच्या चाचणीची घोषणा केली, तीही ए-९ साठीच. एकाच रस्त्यावर दोन्ही विचार उतरले, याचं मला समाधान वाटतं. पुढे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्या राखीव ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापराला मोकळे केले आणि उरलेले ३० या मोबाइल घराण्यातल्या थेट दुव्याला द्यायचं ठरवलं. युरोपात मात्र वायफायवाले आणि मोबाइलवाले यांचं भांडण २०१९ मध्ये इतकं पेटलं की वायफायकडे झुकणारा युरोपीय आयोगाचा नियम सदस्य देशांच्या परिषदेने जुलैमध्ये फेटाळला. वर्षं वाया गेली, आणि त्या वर्षांत रस्ते काही थांबलेले नव्हते.

दुसऱ्या कंपनीचं सिम

ए-९ च्या प्रात्यक्षिकात सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या नेटवर्कवर होत्या. प्रयोग म्हणून ते योग्यच. पण जर्मनीच्या रस्त्यावर टेलिकॉमच्या सिमची गाडी पुढे आणि व्होडाफोनची मागे असणं रोजचंच. टेलिकॉमच्या टॉवरपाशी फोडलेलं पाकीट व्होडाफोनच्या टॉवरकडे कसं जाणार? दोन्ही टॉवर शेजारी उभे असले तरी त्यांची भेट दूर कुठेतरी, दोघांची मुख्यालयं जिथे जोडली आहेत तिथेच होते. म्हणजे परत जीपीओ, परत रांग, परत शेपूट. वीस मिलिसेकंद एका कंपनीपुरतेच. यावर तांत्रिक तोडगा कठीण नाही, महामार्गालगत सर्व कंपन्यांच्या पिल्लांना जोडणारा एक सामायिक नाका हवा. कठीण आहे ते अशा नाक्याचा खर्च आणि जबाबदारी वाटून घेणं. देशाची सीमा आली की हाच पेच आणखी घट्ट होतो. म्हणून बोलोन्यापासून ब्रेनर खिंडीतून म्युनिकपर्यंतच्या मार्गावर युरोपीय संघाने याच विषयाचा स्वतंत्र ५जी प्रकल्प काढला.

गाडीच्या ब्रँडची भिंत आहे ती वेगळीच. व्होल्वोने २०१६ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेत एक साधी सोय आणली. एका गाडीने चारही इंडिकेटर लावले की मोबाइल नेटवर्कने ती खबर क्लाउडला जाते आणि तिथून जवळ येणाऱ्या इतर गाड्यांना. बोरघाटातली तीच साखळी, वळणापलीकडे दिसणारी. २०१९ मध्ये ती युरोपभर गेली. यात टॉवरपाशी सर्व्हर नाही, वीस मिलिसेकंद नाहीत, तरी कोंडीच्या शेपटासाठी ती कामाची आहे, कारण तिथे काही सेकंद आधी कळलं तरी पुरतं. उणीव ही की व्होल्वोचा निरोप व्होल्वोलाच. म्हणूनच २०१९ मध्ये अनेक कारकंपन्या, नकाशे बनवणारे आणि युरोपातली काही सरकारं एकत्र आली आणि निसरडा रस्ता, रस्त्यातला अडथळा, अपघात यांसारखी सुरक्षिततेची माहिती आपसात फुकट द्यायची सुरुवात केली. माझ्या दृष्टीने ए-९ नंतरचं हे सर्वांत मोठं पाऊल, आणि त्यात नवं तंत्रज्ञान जवळपास नाहीच.

आपल्याकडे या सगळ्याचा निम्मा सांगाडा उभा आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० या मानकानुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी सेवेच्या गाड्यांत जागा सांगणारं यंत्र आणि तातडीचं बटण हवं. त्या पेटीत सिम आहे, ती बसची जागा आणि वेग मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवत राहते. घाटात पुढची बस वळणापलीकडे उभी राहिली की तिची पेटी ते सर्व्हरला सांगते. दोन मिनिटांनी त्याच वळणाकडे निघालेल्या बसमध्येही तशीच पेटी आहे, तशीच सिमसकट. तिला हे कोणी कळवत नाही.